इंटेग्रेशन नको, गटार द्या!

मीटिंगचा वृत्तान्त लिहिणारा माणूस पेन खाली ठेवतो ना, तिथून खरी मीटिंग सुरू होते, असं माझं ठाम मत आहे. डार्मश्टाटमध्ये मी बरीच वर्षं अशा मीटिंगांना बसले. ठराव कुठले झाले ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. पण कोण कुणाला काय म्हणालं ते मात्र डोक्यात घर करून बसलंय. आता आखन शहरात मैत्रिणींकडे जमलो आणि चहाचं आधण ठेवलं की कुणीतरी म्हणतंच, "शुभा, तुझ्या त्या स्पॅनिश बाईचं सांग ना काहीतरी!" मग एक किस्सा निघतो, आणि त्याचं शेपूट धरून दुसरा.

ती स्पॅनिश बाई म्हणजे निएवेस ओतेरो, आमच्या शहराची नगरसेविका. तिचे वडील तरुणपणी स्पेनमधल्या गॅलिसियातून इथल्या ओतशाळेत कामाला आले. निएवेस जन्मली डार्मश्टाटला, वाढली डार्मश्टाटला, पासपोर्ट मात्र स्पॅनिश. युरोपियन युनियनचा पासपोर्ट असला की इथे शहराच्या निवडणुकीत मत देता येतं, उभंही राहता येतं.

आमच्यासारख्या भारतीयांना ते नाही. आमच्यासाठी असतो आउसलेंडरबायराट, म्हणजे परदेशी रहिवाशांची सल्लागार समिती. आपण सल्ला द्यायचा, आणि तो घ्यायचा की नाही ते नगरसभेने ठरवायचं. नव्या सुनेसारखंच!

मी औषधांच्या एका कंपनीत केमिस्ट, तिथल्या पाण्याची तपासणी माझ्याकडे. राजकारणाशी संबंध शून्य. पण बायराटचे अध्यक्ष हेर काया, म्हणजे आपले श्रीयुत काया, ज्यांचं आमच्या कोपऱ्यावर किल्ल्या-कुलपांचं दुकान होतं, ते एकदा मला किल्ली करून देता देता म्हणाले, "आमच्याकडे इटली आहे, मोरोक्को आहे, व्हिएतनाम आहे. भारत नाहीये."

तिकिटांच्या संग्रहात एक तिकीट कमी असावं तसं! मी उभी राहिले, निवडून आले, आणि चिकटले.

* * *

बायराटच्या माझ्या पहिल्याच बैठकीला निएवेस आली होती. ती नुकतीच नगरसभेवर निवडून आलेली. हेर काया भारावून उभे राहिले. म्हणाले, "मित्रांनो, ही आपली निएवेस. मजुराची मुलगी. आजपासून सभागृहात आपला आवाज!"

टाळ्या. निएवेस उठली. उंच, सडपातळ, केस आखूड कापलेले, नाकावर चष्मा.

"आभारी आहे," ती म्हणाली. "पण आधी एक सांगते. पक्षाने मला विचारलं, कुठली समिती हवी? मी म्हटलं, बांधकाम. ते म्हणाले, इंटेग्रेशन घे, परदेशी लोकांना सामावून घ्यायची समिती. मी म्हटलं, बांधकाम. ते म्हणाले, अगं, इंटेग्रेशन तुला शोभेल. मी म्हटलं, मी सिव्हिल इंजिनियर आहे, सांडपाण्यावर माझा डिप्लोमा आहे, मला इंटेग्रेशन नको, गटार द्या! आल्झो, तर मग सध्या माझा आवाज गटारांसाठी आहे."

इटलीने व्हिएतनामकडे पाहिलं. हेर कायांचा चेहरा पडला. आपली म्हणून कौतुक करावं, तर ही बाई गटाराच्या गोष्टी करतेय!

तेवढ्यात मागून मोरोक्कोचे आजोबा म्हणाले, "आमच्या गल्लीतलं गटार वर्षभर तुंबलंय. आम्ही परदेशी म्हणून कुणी येत नाही."

निएवेसने पटकन विचारलं, "कुठली गल्ली?"

त्यांनी सांगितली.

"तुम्ही परदेशी म्हणून नाही. तिथला पाइप जुना आहे म्हणून. बघते मी."

गटार खरोखरच दुरुस्त झालं. पुढच्या बैठकीत मोरोक्कोचे आजोबा तिच्यासाठी खजूर घेऊन आले आणि हेर कायांना म्हणाले, "आवाज सोडा हो. पाणी वाहतंय!"

* * *

नगरसभेत विरोधी बाकावर एक वकील होते. सगळे त्यांना हेर डॉक्टर म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण हॅम्बुर्गकडचा, शुद्ध बोलणारा, आणि आपण शुद्ध बोलतो हे पक्कं ठाऊक असणारा. एकदा नव्या ट्रामच्या मार्गावर चर्चा चालली होती. बायराटतर्फे आम्ही काही जण वर प्रेक्षकांच्या बाकांवर बसलो होतो.

हेर डॉक्टर उठले, कागद सारखे केले आणि म्हणाले, "मी जरा हळू बोलतो, म्हणजे फ्राऊ ओतेरोंनाही नीट समजेल."

असलं वाक्य परक्या माणसाला कुठे लागतं ते मला विचारा! हे एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून आम्ही घरी आरशासमोर जर्मन घोकलेलं असतं.

निएवेस शांतपणे त्यांचं भाषण संपेपर्यंत बसून राहिली. मग उठली आणि सुरू झाली. पण कशात? हेसेनच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या अस्सल बोलीत! 'श' आणि 'ज'चा नुसता पाऊस, शब्दांचे शेवट गिळलेले, मध्येच एखादी इथल्या बाजारातल्या भाजीवालीची म्हण. आपल्याकडे मुंबईच्या साहेबाने मालवणात जाऊन कुणाला हळूहळू मराठी समजावून सांगावं, आणि समोरच्याने त्याला ठेवणीतल्या मालवणीत सुनवावं, तसं झालं. मला निम्मंही कळलं नाही. पण खालचं अर्धं सभागृह हसून हसून डोळे पुसत होतं.

हेर डॉक्टर शेजाऱ्याच्या कानाशी वाकले. माइक चालूच होता. "काय म्हणतेय ती?"

सभापती चष्म्यावरून बघत म्हणाले, "हेर डॉक्टर, तुमच्यासाठी दुभाष्या मागवू का? बायराटकडे आहेत."

हेर कायांनी वरून टाळ्या पिटल्या. मग मीही. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायला मनाई आहे, असं सभापतींनी आम्हाला बजावलं. पण टाळ्या संपल्यावर!

* * *

पुढची निवडणूक आली. पक्षाने पोस्टरसाठी फोटोग्राफर बोलावला. मी निएवेसबरोबर गेले होते. त्या माणसाने येताना लाल शाल आणली होती आणि एक पंखा. हाताने वारा घ्यायचा, काळ्या लेसचा!

"थोडं टेम्परामेंट दाखवा, फ्राऊ ओतेरो," तो म्हणाला. "दक्षिणेचं ऊन! आग!"

"माझ्या नावाचा अर्थ माहीत आहे?" निएवेसने विचारलं. "निएवेस म्हणजे बर्फ."

"पण स्पेन..."

"मी गॅलिसियाची. तिथे फ्लामेंकोचा नाच नाही, बैलांच्या झुंजी नाहीत. तिथे बटाटे, कोबी आणि पाऊस. तुम्हाला आमचं टेम्परामेंटच हवं असेल, तर छत्री आणा."

रात्री मी मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे कोकणातल्या माणसाला भांगडा कर म्हटल्यासारखंच की!"

शेवटी फोटो निघाला तो ट्रामच्या थांब्यावर, भर पावसात, पिवळा रेनकोट घालून. वर एकच ओळ: पावसातही ट्राम वेळेवर आली पाहिजे. पक्षाच्या कचेरीत लोक म्हणाले, यात स्पॅनिश काय आहे? पण ज्यांनी ज्यांनी त्या थांब्यावर पावसात वाट पाहिली होती, त्यांना त्यात सगळंच दिसलं.

तिचा प्रचार करायला मीही दारोदार फिरले. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं, पत्रक घेतलं, माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही देणार हिला मत?"

"मला इथे मत नाही," मी म्हटलं.

"मग कशाला एवढे जिने चढताय?"

"मला नाही म्हणून तर तुमचं मागतेय!"

बाईंनी पत्रक परत दिलं. मी हिरमुसून वळले, तर मागून म्हणाल्या, "ते दुसऱ्या कुणाला द्या. मला वाचायची गरज नाही. दिलं मत."

* * *

हा किस्सा छोटासाच आहे, पण सांगते.

दक्षिण अमेरिकेत कुठे काही खुट्ट झालं, की आमच्या शहरातल्या एका पेपरचा वार्ताहर निएवेसला फोन लावायचा. कुठे निवडणूक, कुठे भूकंप, कुठे संप. ती बिचारी आयुष्यात अटलांटिक ओलांडून गेलेली नाही.

एकदा आम्ही बाकावर सँडविच खात बसलो होतो, तर फोन आला. बोलिव्हियात सरकार बदललंय, तुमची प्रतिक्रिया?

निएवेसने घास गिळला आणि विचारलं, "पोलंडमध्ये सरकार बदललं तेव्हा तुम्ही आमच्या महापौरांना फोन केला होता?"

"नाही. त्यांना कशाला?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणाली, आणि सँडविच संपवलं.

* * *

इकडची मंडळी एक, तर तिकडची दुसरी. दक्षिण अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी आणि कुटुंबांनी मिळून एक संध्याकाळ आयोजित केली. प्रमुख पाहुणी निएवेस. तिने स्पॅनिशमध्ये बोलावं, आपल्या सगळ्यांच्या वतीने बोलावं, अशी त्यांची फार इच्छा.

आता निएवेसच्या घरात बोलतात गॅलिसियन. स्पॅनिश ती शनिवारच्या वर्गात शिकलेली, तेही अर्ध्यावर सोडलेलं. बिचारीने आठवडाभर तयारी केली. माझ्यासमोर हातवारे करून म्हणून दाखवलं. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी मान डोलवत होते.

भाषण झालं. छान झालं असावं, कारण लोक उभे राहिले. मग एक वयस्कर अर्जेंटिनी बाई तिच्याजवळ आल्या, दोन्ही गालांचे पापे घेतले आणि काहीतरी म्हणाल्या. निएवेसचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काय म्हणाल्या गं?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"म्हणाल्या, जर्मन मुलीच्या मानाने स्पॅनिश फार सुंदर बोलतेस!"

आणि त्याच आठवड्यात पक्षाच्या सभेत एका गृहस्थांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, स्पॅनिश बाईच्या मानाने तुमचं जर्मन फार सुंदर!

मला हसू आवरेना. कारण माझी ईरा, वय वर्षं आठ, मी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देणारी. ती सांगलीला गेली की शेजारच्या काकू म्हणतात, अगंबाई, जर्मन मुलगी किती छान मराठी बोलते! मी निएवेसला हे सांगितलं.

ती एकदम गंभीर झाली. "ईरा काय म्हणते मग?"

"ती म्हणते, 'दांके!'"

आभारसुद्धा जर्मनमध्येच! निएवेस खूप वेळ हसली. पुढच्या वेळी कुणीतरी तिच्या जर्मनचं कौतुक केलं, तेव्हा मान झुकवून म्हणाली, "धन्यवाद! तुमचंही काही वाईट नाही."

* * *

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आल्या होत्या. माझी मैत्रीण नगरसेविका आहे हे कळल्यावर त्यांचा माझ्याबद्दलचा आदर एकदम वाढला. "तिला घरी बोलाव," म्हणाल्या. त्यांनी सकाळपासून पुरणाचा घाट घातला, ठेवणीतली साडी नेसली आणि बाल्कनीत उभं राहून गाडीची वाट बघू लागल्या.

निएवेस आली सायकलवर. डोक्यावर हेल्मेट, चिखलाचे शिंतोडे उडालेली पँट.

"ही?" आई माझ्या कानात म्हणाल्या. "अगं, मागे कार्यकर्ते कुठायत?"

जेवायला बसलो. पहिली पोळी वाढता वाढता आईंनी थेट विचारलं, "कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

मी अडखळले. हा प्रश्न जर्मन लोकांनी निएवेसला आयुष्यभर विचारलाय. डार्मश्टाटची म्हटलं की पुढचा ठरलेला, "नाही, पण खरं कुठल्या?" त्याने ती किती चिडते, मला ठाऊक होतं. पण आई माझ्याकडे बघत होत्या, भाषांतराची वाट पाहत. केलं शेवटी.

निएवेसने बापाच्या गावाचं नाव सांगितलं.

आईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "पाऊस किती पडतो तिकडे?"

"फार! थांबतच नाही."

"मग भात होत असेल."

"भात नाही. मका. आणि बटाटे, कोबी."

"गुरं?"

"आजीच्या गाई होत्या."

"दूध किती द्यायच्या?"

झालं! तासभर दोघींचं हेच. गवत कधी कापतात, गाय आटली की काय घालतात, मक्याला कीड कुठली लागते. माझी पोळी पानात गार. निएवेसला जे आठवत नव्हतं, ते तिने तिथूनच वडिलांना फोन करून विचारलं. पलीकडून म्हातारे ओतेरो इतक्या मोठ्याने बोलत होते की आईंना ते फोनशिवाय ऐकू येत होतं!

निघताना दारात निएवेस मला म्हणाली, "शुभा, 'कुठली' असं विचारलं की पुढचं वाक्य नेहमी 'मग इथे कशी?' असं असतं. पाऊस किती पडतो हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

मी ते आईंना सांगितलं. त्यांना त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना. "मग काय विचारायचं असतं? गाव कळलं की पाऊसच विचारतात!"

* * *

आता जरा माझ्याबद्दल. दर वर्षी शहरात परदेशी रहिवाशांचा मेळावा भरायचा आणि दर वर्षी भारत म्हणजे समोसे. पहिल्या वर्षी मी हौसेने केले. दुसऱ्या वर्षी कर्तव्य म्हणून. तिसऱ्या वर्षी महापालिकेतल्या बाईंचा फोन आला, तेव्हा निएवेस माझ्याच घरी होती.

"नाही म्हण," ती म्हणाली.

"वाईट दिसेल गं."

"एकदा नाही म्हणालीस, की ते विचारतील, मग तुम्हाला काय येतं? आजवर विचारलंय का कुणी?"

मी नाही म्हटलं. आणि खरंच, पलीकडच्या बाई म्हणाल्या, "बरं... मग तुम्हाला काय करायला आवडेल?"

मी म्हटलं, पाण्यावर बोलायला. महिन्याभराने निएवेसच्या समितीने शहराच्या पिण्याच्या पाण्यावर नागरिकांसाठी एक सभा ठेवली. बोलायला मी! शंभर-दीडशे लोक. सभापतींनी ओळख करून द्यायला सुरुवात केली, "फ्राऊ ओतेरोंच्या भारतीय मैत्रीण..." तशी निएवेसने माइक ओढला. "माफ करा. ही माझी मैत्रीण आहे ते खरं. पण आज ती इथे पाण्याची केमिस्ट म्हणून आलीय."

मी अर्धा तास बोलले. चुना, क्षार, पाइप, गाळण्या. प्रश्नांची वेळ आली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. चेहरा अगदी प्रेमळ, हसरा. मी मनात म्हटलं, आलं! आता हे समोशाची कृती विचारणार. नाहीतर योगासनं. नाहीतर गाय.

"फार छान बोललात," आजोबा म्हणाले. "मला एकच विचारायचंय. माझ्या किटलीत तो पांढरा थर बसतो, त्याचं काय करू?"

आयुष्यात एवढा आनंद मला कुठल्या प्रश्नाने झाला नव्हता. मी जवळजवळ ओरडलेच, "व्हिनेगर!"

* * *

युरोपच्या फुटबॉलची फायनल जर्मनी आणि स्पेन यांच्यात आली, त्या वर्षीची गोष्ट. शहराने चौकात मोठा पडदा लावला. दुपारपासून गर्दी. आणि सगळ्या शहराला एकच प्रश्न: आज निएवेस ओतेरो कुठल्या बाजूने?

पक्षवाल्यांनी तिला जर्मनीचा स्कार्फ पाठवला. स्पॅनिश क्लबने स्पेनचा. वार्ताहर तर तिच्या मागे सावलीसारखा.

निएवेस आली ती ट्राम कंपनीचं नारिंगी जॅकेट घालून! तिच्या समितीने सामन्यानंतर जादा ट्राम सोडायची व्यवस्था केली होती, आणि ती थांब्यावर लोकांना वाट दाखवत उभी राहिली.

"एकच सांगा," वार्ताहर म्हणाला, "मनातून कोण जिंकावं?"

"सामना कुणीही जिंको," ती म्हणाली, "घरी सगळ्यांनाच जायचंय. मी आज ट्रामच्या बाजूने."

दुसऱ्या दिवशी पेपरात हेच मोठ्या अक्षरांत आलं. लोकांनी फार वाखाणलं. शहराची खरी लेक, वगैरे.

मी मात्र तिच्या शेजारीच उभी होते. स्पेनने गोल केला. सगळा चौक चिडीचूप. निएवेसच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. फक्त उजव्या पायाने जमिनीवर एक ठेका दिला. एकच! आणि लगेच पायाकडे असं रागाने पाहिलं, की जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा आहे.

* * *

आता हा शेवटचा.

स्पॅनिश क्लबची एक बैठी इमारत होती. जागा शहराची, पण इमारत या लोकांनी बांधलेली. ओतशाळेत आठवडाभर राबायचं आणि रविवारी येऊन विटा रचायच्या, असं करून. निएवेसचे वडील क्लबचे पदाधिकारी वगैरे कुणी नव्हते, साधे सभासद. पण तिथली फरशी त्यांनी गुडघ्यांवर बसून घातली होती. निएवेसची मुंज म्हणा, बारसं म्हणा, जे काही त्यांच्यात असतं ते सगळं त्या फरशीवर झालं.

त्या भागात मुलं वाढली आणि बालवाडी कमी पडू लागली. शहराची दुसरी मोकळी जागा जवळपास नव्हती. ठराव आला: कराराची मुदत संपली की क्लबची इमारत पाडायची, तिथे बालवाडी बांधायची, आणि क्लबला एका शाळेत दोन खोल्या द्यायच्या. खोल्या चांगल्या होत्या. पण आपल्या हातांनी बांधलेलं ते बांधलेलं.

क्लबची मंडळी निएवेसकडे गेली. "तू आमची आहेस. हे थांबव." पक्षाची मंडळीही गेली. "तुझी अडचण समजते. मतदानाच्या वेळी बाहेर जा, कॉफी पी. कुणी काही म्हणणार नाही."

मी तिला विचारलं, "जाणार का कॉफीला?"

"बालवाडीसाठी नावं घालून बसलेल्या आया काय पितात?" ती म्हणाली. चेहरा ओढलेला होता. त्या आठवड्यात ती एकदाही हसलेली मला आठवत नाही.

मतदानाच्या दिवशी प्रेक्षकांचे बाक गच्च भरले. क्लबचे म्हातारे सगळे पहिल्या रांगेत, कोट घालून. मध्ये ओतेरो काका, टोपी मांडीवर. मी त्यांच्या शेजारी. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली.

निएवेस बोलायला उभी राहिली. या वेळी बोली नाही, विनोद नाही. तिने वर बघत सांगितलं, "ती फरशी कुणी घातली ते मला माहीत आहे. मी तिच्यावर चालायला शिकले. पण आता ज्यांना चालायला शिकायचंय, त्यांच्यासाठी जागा नाही. म्हणून मी ठरावाच्या बाजूने मत देणार आहे." आणि बसली.

सभापतींनी विचारलं, ठरावाच्या बाजूने कोण?

हात वर गेले. ठराव मंजूर झाला.

बाहेर पायऱ्यांवर क्लबच्या लोकांनी ओतेरो काकांना गाठलं. सगळे एकदम बोलत होते. त्यांच्यातल्या एकाने, ओतशाळेत त्यांच्या शेजारी उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाने, त्यांच्या तोंडावर सांगितलं, "तुझ्या मुलीने आपलं घर पाडलं." भाषा त्यांची होती, पण हे कळायला भाषा लागत नाही. बाकीचं मला नंतर तिथेच उभ्या असलेल्या हेर कायांच्या स्पॅनिश भाचेसुनेने सांगितलं.

काकांनी टोपी डोक्यावर घातली. म्हणाले, "आत बसली होती ती फ्राऊ ओतेरो. माझी मुलगी रविवारी जेवायला येते."

"आणि मग? रविवारी काय करशील?"

"भांडेन."

"आणि?"

"मग जेवू."

ते लोक निघून गेले. एकानेही त्यांचा निरोप घेतला नाही. काका पायरीवर तसेच उभे राहिले. खोल्या चांगल्या आहेत म्हणावं, तर ते खोटं वाटलं असतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

त्यांनी माझ्या कोटाची बाही ओढली. डोळे ओले होते, पण मान ताठ. मोडक्या जर्मनमध्ये मला म्हणाले, "तिचा हात बघितलास?"

मी नुसती मान हलवली.

काकांनी स्वतःचा हात वर केला, अगदी सरळ, टोपीच्याही वर.

"सगळ्यांच्या आधी!"